तार निघाली, आता रिटेनरवरून रोज भांडण

माझ्याकडं समुपदेशनाला आठवी-नववीच्या पोरांच्या आया येतात त्यांचं पहिलं गाऱ्हाणं मोबाइलचं, दुसरं अभ्यासाचं, आणि आजकाल तिसरं एक सुरू झालंय, "मॅडम दाताची तार काढली पण पोरगं रिटेनर घालतच नाही, सगळे पैसे पाण्यात जाणार बघा." (रिटेनर म्हणजे तार निघाल्यावर दात परत सरकू नयेत म्हणून दातांवर बसवायचा साचा.) इतक्या जणी हेच विचारतात की म्हटलं एक केस लिहूनच टाकावी. घरच्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

जुळे सोलापूरची फॅमिली, पोरगी नववीत. दोन वर्षं तार होती, म्हणजे दोन वर्षं ऊस नाही, कडक भाकरी नाही, हुरड्याला शेतावर गेले तरी हिनं नुसतं बघायचं. दिवाळीनंतर तार निघाली आणि डॉक्टरांनी वरचा आणि खालचा असे दोन ट्रान्सपरंट रिटेनर डबीत घालून दिले, सांगितलं की सहा महिने दिवसरात्र घालायचे, फक्त खाताना आणि ब्रश करताना काढायचे, नंतर रात्रीचे. सुरुवातीला पोरीनं घातले पण. मग हळूहळू डबी दप्तरातच राहायला लागली, आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत भजी खाताना वरचा रिटेनर काढून टिश्यूत गुंडाळला तो प्लेटीबरोबर कचऱ्यात गेला. परत माप, परत पैसे. तिथनं घरात जे सुरू झालं ते मार्चमध्ये माझ्याकडं येईपर्यंत चालूच होतं, रोज रात्री आई "घातलंस का, आ कर बघू" म्हणून मोबाइलचा टॉर्च तोंडात मारणार, पप्पा बाहेरनं "एवढ्या पैशात स्कूटी आली असती" म्हणणार, आणि पोरगी दात आवळून बसणार.

आई म्हणाली, "मॅडम लई हट्टी झालीय ओ, तुम्हीच समजवा." मी समजवायला बसलेच नाही. पोरीला एकटीला घेतलं आणि एवढंच म्हटलं की तो रिटेनर घाल आणि माझ्याशी जरा बोल. नाही म्हणाली. बराच वेळ नाहीच म्हणाली. मग डोळे भरले आणि सगळं बाहेर आलं. डिसेंबरात शाळेच्या गॅदरिंगचं अनाउन्सिंग हिच्याकडं होतं, आईनं बजावलेलं म्हणून रिटेनर घालूनच माइकवर गेली, आणि "सर्वांचं स्वागत" म्हणताना स चा निम्मा श झाला आणि थुंकी उडाली. मागची पोरं आठवडाभर "शर्वांचं" करत होती. त्या दिवसापासनं शाळेत रिटेनर बंद. घरात कुणाला हे माहीतच नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं, सगळ्यांचा प्रश्न एकच, घातलंस का.

दुसरी गोष्ट, शाळेत बंद झाला की मग कधी कधी रात्री पण राहून जायचा. चार-पाच रात्री गेल्या की घट्ट बसतो, दुखतो, दुखतो म्हणून अजून घालत नाही. आईला वाटतं पोरगी नाटक करतीय. नाटक नसतं ते. दुखतं याचा अर्थ दात तेवढ्यात जरासे सरकलेत आणि रिटेनर त्यांना मागं ढकलतोय.

इथं आईबापांनी एक समजून घ्यायला पाहिजे, कारण "तार निघाली की सुटलीस" हे दोन वर्षं त्यांनीच पोरीला सांगितलेलं असतं. मोडलेल्या हाताचं प्लास्टर काढतात ते हाड जुळल्यावर, दाताची तार काढतात तेव्हा तसं काही झालेलं नसतं. दात नवीन जागी गेलेला असतो पण त्याला धरून ठेवणारे मुळाभोवतीचे धागे आणि हाड पक्कं व्हायला काही महिने जातात, आणि हिरडीतले लवचिक धागे तर जवळजवळ वर्षभर दाताला जुन्या जागेकडं ओढत राहतात. म्हणून पहिलं वर्ष सगळ्यात नाजूक. त्यानंतर पण दात आयुष्यभर थोडेथोडे सरकतातच, ज्यांना कधी तार लागली नाही त्यांचे पण, विशेषतः खालचे पुढचे. "म्हणजे कायम घालायचं का?" हा प्रश्न ठरलेला, तर जोवर दात असेच सरळ हवेत तोवर रात्री घालायचं, किती रात्री ते डॉक्टर सांगतील. आणि सगळा दोष अक्कलदाढेला देतात लोक, तर नुसतं एवढ्यासाठी ती काढून घेऊ नका, संशोधनात तो आरोप काही खरा ठरलेला नाही.

मग केलं काय. मी पोरीलाच प्रश्न लिहून काढायला लावले आणि त्याच डॉक्टरांकडं परत पाठवलं, अट एकच, बोलणार ती, आई नुसती शेजारी बसणार. (आईला हे फार जड गेलं, दोनदा मध्ये बोललीच म्हणे.) डॉक्टरांनी तपासलं, वरच्या रिटेनरची कड थोडी घासून दिली, आणि दात बघून ठरवलं की शाळेच्या वेळात नको, शाळेतनं आल्यापासनं सकाळपर्यंत घालायचा. हे त्यांनी ठरवलं, मी नाही, तुम्ही पण घरी ठरवू नका. पण विचारा नक्की, कारण काही डॉक्टर पहिल्यापासनंच रात्रीपुरता देतात, प्रत्येकाच्या दातांवर असतं ते. खालच्या दातांना मागच्या बाजूनं बारीक तार चिकटवून दिली, ती दिसत नाही, काढायची कटकट नाही, बोलण्याला पण त्रास होत नाही. पण तिचं पण आहेच, मागं कीट साचतं, फ्लॉस तारेखालनं घालावा लागतो, आणि एखाद्या दातावरनं सुटली तर कळत पण नाही, म्हणून चेकअप चुकवायचं नाही.

बोलण्याचं म्हणाल तर जीभ आपोआप सवय करून घेते, बहुतेकांचं काही दिवसांत जातं, पण पोरगी बोलायचीच बंद झाली तर सवय होणार कशी. तिला सांगितलं की रात्री रिटेनर घालून पेपर मोठ्यानं वाच, दार लावून वाच, कुणी ऐकणार नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत स सुधारला. धाकट्या भावानं दाराबाहेरनं क्रिकेटच्या बातम्यांची फर्माईश सुरू केली तेव्हा मला कळलं की घरातलं वारं फिरलंय.

आईचं काम आम्ही दोनच गोष्टींवर आणलं, चेकअपची तारीख लक्षात ठेवणं आणि फी भरणं. टॉर्च बंद. डबी, धुणं, घालणं हे पोरीचं. पप्पांचं स्कूटीचं वाक्य बंद करायला मला पोरीपेक्षा जास्त कष्ट पडले, खरं सांगते. माणूस वाईट नाही, पण खर्च झालेला पैसा रोज पोरीच्या तोंडात शोधायचा म्हणजे अवघडच ओ.

आता आपल्या सोलापूरचं म्हणून थोडं सांगते. इथं एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत राहिलेला रिटेनर वाकडा होतो, आणि एकदा वाकला की गेला. गरम पाण्यात पण धुवायचा नाही, साधं थंड पाणी आणि मऊ ब्रश बास, टूथपेस्टनं चरे पडतात. तो घालून फक्त पाणी प्यायचं, चहा, सरबत, कोल्ड्रिंक नाही, गोड आत अडकून बसतं आणि दात किडतात. शेंगा चावायच्या तर आधी काढायचा, आणि काढला की थेट डबीत, खिशात नाही, रुमालात नाही, टिश्यूत तर अजिबात नाही. काही दिवस घातला नाही आणि आता थोडा घट्ट लागतोय पण पूर्ण बसतोय तर घालायला सुरू करा, पण बसतच नसेल तर दातानं चावून दाबून बसवू नका, डॉक्टरांना फोन करा. तसंच सोडून दोन-तीन महिन्यांनी गेलात तर मात्र डॉक्टर परत तार सांगू शकतात.

या पोरीचा खालचा एक दात त्या दोन-तीन महिन्यांत जरासा फिरलाच. मागची तार चिकटवायच्या आधी डॉक्टरांनी विचारलेलं की थोडे दिवस परत उपचार करून तो सरळ करून घ्यायचा का, पोरगी म्हणाली नको, मला चालतोय. माझ्या मते चौदा वर्षांच्या पोरीनं एवढं ठरवलं तर ठरवू द्यावं, डॉक्टरांची पण हरकत नव्हती. आईला अजून पटलेलं नाही, ती जेवताना पण त्याच दाताकडं बघत बसते, म्हणून पुढच्या वेळी पोरीला येऊ नको म्हटलंय, आई एकटीच येणार आहे.