वाचक विचारतात : डायव्हला उतरताना किल्ली कुठे ठेवायची?

पाऊस ओसरून समुद्र निवळला की मालवण-तारकर्ली आणि गोव्याच्या ग्रँड आयलंडकडे स्कूबा डायव्हिंगच्या बोटी पुन्हा सुटू लागतात. खिशातल्या वस्तूंचं काय करायचं, हा प्रश्नही मग हटकून येतो. या वेळी तेवढेच प्रश्न घेतले आहेत.

आम्ही दोघंच गाडीने मालवणला जातो आणि दोघंही पाण्यात उतरतो. गाडीची किल्ली बटणवाली आहे. ती बोटीवर सोडायला मन घेत नाही. डब्यात घालून खाली न्यावी का? (कोल्हापूर)

अख्खी किल्ली नेऊ नका. बटणवाल्या किल्लीत धातूचं पातं असतं, बॅटरीवर चालणारा रिमोट असतो आणि इंजिनाला ओळख पटवणारी चिप असते. खारं पाणी रिमोटला मारतं. पात्याला तासाभरात काही होत नाही, म्हणून फक्त पातं बरोबर न्यायचं.

पातं घडी होऊन आत जाणारी किल्ली असेल, तर किल्लीवाल्याकडून चिप नसलेली साधी नक्कल करून घ्या. तिने दार उघडतं, इंजिन सुरू होत नाही आणि तेवढंच आपल्याला हवं आहे. मूळ किल्ली गाडीत नजरेआड ठेवायची आणि दार नकलेने बाहेरून लावायचं.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीची गोष्ट थोडी वेगळी. तिच्या किल्लीच्या पोटात एक छोटं पातं दडलेलं असतं, ते खटका सरकवून काढा. किल्ली आत आहे असं कळलं की अशा बऱ्याच गाड्या लॉकच होत नाहीत, म्हणून किल्लीतली बॅटरीही काढून ठेवा. परत आल्यावर बॅटरी बसवा. बॅटरी नसतानाही किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवली की बहुतेक गाड्या सुरू होतात. काही गाड्यांत दाराच्या मुठीवरचं किल्लीचं भोक झाकणाखाली असतं, काहींचं दार पात्याने उघडलं की भोंगा वाजतो. हा सगळा प्रयोग आधी घरच्या अंगणात, खिडकीची काच खाली ठेवून करून बघा.

यातला धोकाही लक्षात घ्या : कुणी काच फोडली तर किल्ली आतच आहे. तुमचा पहिलाच डायव्ह असेल तर आमचा सल्ला सरळ आहे. किल्ली बंद पाकिटात घालून, वर नाव लिहून किनाऱ्यावरच्या डायव्ह सेंटरच्या काउंटरवर द्या. डायव्हला घालायचं, हवा भरता येणारं जॅकेट त्यांचं असतं आणि भाड्याच्या जॅकेटचा खिसा फाटका किंवा चेन तुटकी निघू शकते.

पातं नेणारच असाल तर रिंग आणि कीचेन काढा. १५ ते २० सेंमी नायलॉन दोरी घ्या, एका टोकाला पातं आणि दुसऱ्याला स्टीलचा छोटा बोल्ट स्नॅप (खटका मागे ओढून उघडायचा हूक) बांधा, तो जॅकेटच्या खिशातल्या डी-रिंगला (इंग्रजी डी आकाराच्या कडीला) अडकवा आणि चेन ओढा. गळ्यात दोरी नको, ती रेग्युलेटरच्या (तोंडात धरून श्वास घ्यायच्या उपकरणाच्या) नळीत गुंतते. बुटातही नको, कारण बूट ओढून काढताना पातं कधी पडलं ते कळत नाही. कॅराबिनरसारखी आत ढकलली जाणारी पट्टी असलेला हूक टाळा. जाळ्याचा किंवा नांगराचा दोर त्यात आपोआप शिरतो.

वर आल्यावर पातं गोड्या पाण्याने धुऊन, पुसून मगच कुलपात घाला. मिठाने पात्यापेक्षा कुलूप आधी बिघडतं. साध्या, चिप नसलेल्या किल्लीच्या दुचाकीला ही उठाठेव लागत नाही. किल्ली बांधा, न्या, धुवा.

डायव्हिंगचा ड्राय बॉक्स घेतला. बादलीत रात्रभर बुडवून ठेवला, कोरडा राहिला. पहिल्याच डायव्हला आत चमचाभर पाणी. असं का? (ठाणे)

बादलीत डबा नुसता पडून असतो. बोटीवरून पाठमोरी उडी मारताना झाकणाला बसतो तो हिसका तिथे नसतो. शिवाय गळती बऱ्याचदा खोलवर होतच नाही, पहिल्या एक-दोन मीटरमध्ये होते. खाली गेल्यावर पाण्याचा दाब झाकण ओ-रिंगवर (झाकणाखालच्या रबरी कड्यावर) आवळून धरतो, वर मात्र ते काम एकट्या खटक्याला करावं लागतं. त्यात ओ-रिंगवर एक केस किंवा वाळूचा कण असला तर चमचाभर पाणी सहज शिरतं.

रिंग काढताना सुई किंवा पिन लावू नका, जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा पुरतो. रिंग आणि तिची खाच गोड्या पाण्याने धुवा. रिंग चिमटीतून पूर्ण फिरवा. चीर डोळ्यांआधी बोटाला लागते. मग ग्रीस इतकंच, की रिंग चमकेल पण बोटाला गोळा लागणार नाही. जास्तीचं ग्रीस वाळू धरून ठेवतं. काळ्या नायट्राइल रबराला सिलिकॉन ग्रीस चालतं, पण सिलिकॉनच्याच रिंगला ते लावलं की रिंग फुगते. डब्याबरोबर आलेलं ग्रीस वापरा, व्हॅसलीन नको.

पुढच्या डायव्हला डब्यात वस्तू ठेवू नका. टिश्यू पेपरची पट्टी रिंगच्या आतून चारही बाजूंनी लावा आणि डबा तसा खाली न्या. पट्टी जिथे ओली झाली तिथेच दोष. त्याच ठिकाणी दोनदा ओली झाली तर झाकण वाकलं आहे, मग कितीही ग्रीस लावून उपयोग नाही.

डब्यावर मीटरमध्ये खोली लिहिली आहे का, तेही बघा. नुसत्या ‘वॉटरप्रूफ’वरून खोली कळत नाही आणि आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी) म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. दर १० मीटरला दाब साधारण १ किलो प्रति चौ. सेंमी वाढतो. ८ बाय १२ सेंमीच्या झाकणावर १८ मीटरला सुमारे १७० किलोचा भार येतो. सपाट रुंद झाकण त्याखाली वाकतं. किल्ली किंवा कार्डासाठी आट्याच्या झाकणाची, दोन रिंगांची जाड नळी केव्हाही बरी.

डब्याला उचल असते, हेही विसरू नका. अर्ध्या लिटरच्या डब्याचं सामानासकट वजन २०० ग्रॅम असेल तर तो ३०० ग्रॅमच्या जोराने वर ओढतो. चेन उघडी राहिली की निसटतो, म्हणून त्यालाही दोरी हवीच. आणि कोकणातल्या दमट हवेत, तळपत्या बोटीवर तो बंद केला तर थंड पाण्यात आतल्या भिंतींवर दव धरतं. डबा खोलीतच, सिलिका जेलची पुडी टाकून बंद करून आणा.

फोन आयपी ६८ आहे, वर पारदर्शक पाउचही घेतलं आहे. दुहेरी संरक्षण असल्यावर १२ मीटरला शूटिंग करायला हरकत काय? (पुणे)

संरक्षण दुहेरी होत नाही. पाउच मऊ असतं. १० मीटरला आतली हवा निम्मी होते आणि तिचा दाब बाहेरच्या पाण्याइतका होतो. म्हणजे फोन कोरडा राहिला तरी दाब त्याच्यावर पूर्ण येतो : ७ बाय १५ सेंमीच्या पडद्यावर १२ मीटरला सव्वाशे किलो. बटणं दाबलेलीच राहतात, पडदा स्पर्श ओळखेनासा होतो. आयपी ६८ ची चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते आणि खोली कंपनी ठरवते. आयफोनच्या अलीकडच्या अनेक मॉडेलांना ती ६ मीटर, ३० मिनिटं आहे.

फोनच न्यायचा तर खोलीचा आकडा दिलेलं टणक हाउसिंग (पाणी न शिरणारं कवच) घ्या. नाहीतर छोटा कॅमेरा : गोप्रोची अलीकडची हीरो ब्लॅक मॉडेलं नुसती १० मीटरपर्यंत आणि त्यांच्या हाउसिंगमध्ये ६० मीटरपर्यंत चालतात. पण पहिल्या-दुसऱ्या डायव्हला हातात काहीच नको. नाक दाबून कान मोकळे करायला एक हात सतत लागतो आणि कॅमेऱ्याच्या नादात तेच राहून जातं. कान दुखावतात ते असे.

डायव्हिंगच्या टॉर्चमध्ये पाणी शिरलं. घरी आणून तांदळात ठेवला आहे. चालू होईल का? (पणजी)

तांदूळ राहू द्या, आधी सुरक्षितता बघा. लिथियम-आयन सेल खाऱ्या पाण्यात असला की बंद नळीत वायू साठतो आणि झाकण गोळीसारखं उडू शकतं. टॉर्च उघड्यावर न्या, दोन्ही टोकं चेहऱ्यापासून आणि माणसांपासून लांब धरा आणि झाकण पाव-पाव आटा सैल करत वायू हळूहळू सोडा. फुस्स आवाज आला तर थांबा, तो संपू द्या. टॉर्च गरम लागत असेल तर हातच लावू नका, मोकळ्या जागी जमिनीवर ठेवून दूर व्हा. भिजलेला सेल पुन्हा चार्ज करू नका, तो ई-कचरा केंद्रात द्या.

टॉर्च वाचेल की नाही, ते मीठ किती लवकर निघालं त्यावर आहे. आतला भाग गोड्या पाण्याने, मग डिस्टिल्ड पाण्याने आणि शेवटी ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, दोन दिवस पंख्याखाली वाळवा. हे पहिल्या तासात झालं तर आशा असते.

हातातल्या फिटनेस बँडवर ५ एटीएम लिहिलं आहे. म्हणजे ५० मीटर ना? (बडोदा)

नाही. इथे एटीएम म्हणजे वातावरणाच्या दाबाचं माप; तो आकडा स्थिर दाबाच्या चाचणीचा आहे, पोहण्यापुरता. डायव्हिंगच्या घड्याळांचं मानक आयएसओ ६४२५ असून त्यात किमान १०० मीटर लागतात. बँड बोटीवर ठेवा.

वडील ६१ वर्षांचे आहेत, कानात श्रवणयंत्र वापरतात. डॉक्टरांनी ट्राय डाइव्हला (प्रशिक्षकासोबतच्या पहिल्या, अनुभवापुरत्या डायव्हला) परवानगी दिली आहे. यंत्रावर टोपी घालून चालेल का? (सातारा)

यंत्र काढायलाच हवं. पाण्याने ते बिघडेल हा भाग वेगळाच. कानाच्या नळीत काहीही घट्ट बसलं की त्याच्या आणि पडद्याच्या मध्ये हवा अडकते, तिथला दाब बाहेरच्या बरोबरीचा करता येत नाही आणि पडद्याला इजा होते. बोटीवर कोरड्या डबीत यंत्र ठेवा आणि शेवटच्या क्षणी काढा. प्रशिक्षकाच्या सूचना मात्र त्याआधी, यंत्र कानात असतानाच वडिलांना ऐकू द्या आणि हाताच्या खुणा दोनदा करवून घ्या. ‘कान दुखतोय’ ही खूण सगळ्यांत आधी.