चावी कोण आणतं?

‘ताई, आम्ही कुडाळजवळ सासरच्या घरी राहतो. आबांकडे (माझे सासरे) शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची १२ बोअरची बंदूक आहे. माकडं बागेत उतरली की ते बार काढतात. माझा ९ वर्षांचा मुलगा दिवसभर बंदुकीचंच बोलतो, काठीचीही बंदूक करतो. खंडेनवमीला पूजा झाल्यावर आबांनी ती त्याच्या हातात देऊन फोटो काढला. मी बोलले, तर म्हणाले, “आम्ही असेच वाढलो.” नवरा गप्प. मुलगा हिंसक होईल का? तसा चुणचुणीत आहे. माकडं आली की देव्हाऱ्यातली बंदुकीच्या कपाटाची चावी तोच पळत जाऊन आणतो. – एक आई’

अगं, काठीची बंदूक करणारी पोरं गावोगाव असतात. मोठी होऊन ती एसटीत नाहीतर बँकेत लागतात. ती काळजी सोड. मला तुझं शेवटचं वाक्य खुपलं, आणि ते तर तू कौतुकाने लिहिलंयस.

म्हणजे ते कपाट घरात सर्वांत चपळ कोण, त्याच्या ताब्यात आहे. काडतुसांचा डबाही त्याच कपाटात असणार, पैज लावते. दुपारी आबांचा डोळा लागलाय, तू विहिरीवर, आणि माकडं उतरली. तो आबांना उठवेल? का उठवेल? चावी आणली की शाबासकी मिळते, एवढं तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला शिकवलंय. सगळ्यांनी म्हणजे तूही.

‘हात लावायचा नाही असं बजावलंय’ हे मला सांगू नकोस. अमेरिकेत अटलांटाच्या डॉक्टरांनी ८ ते १२ वर्षांच्या मुलांना दोघा-तिघांच्या गटाने एका खोलीत सोडलं. खणात खरं पिस्तूल लपवलेलं होतं, अर्थात न भरलेलं. ज्यांना सापडलं त्यांतल्या बहुतेकांनी ते हाताळलं, कित्येकांनी चापही ओढला. आणि हाताळणाऱ्यांपैकी जवळपास सगळ्यांना बंदुकीपासून जपायला आधीच शिकवलेलं होतं. हे २००१ साली छापून आलंय.

तेव्हा भांडण फोटोवरून नको, चावीवरून कर. आज दिवेलागणीला ती देव्हाऱ्यातून काढून आबांच्या हातात दे आणि सांग, “आबा, ही तुमच्या करगोट्याला. आंघोळीलाही सुटायची नाही.” काडतुसं वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात. बंदूक आत जाण्याआधी उघडून नळी रिकामी आहे ना, ते आबांनी स्वतः बघायचं. परवाना त्यांच्या नावावर आहे. नेमबाजीच्या सरावाची सवलत सोडली, तर १९५९ च्या शस्त्र कायद्यात २१ वर्षांखालच्याला बंदूक बाळगता येत नाही. तुझा मुलगा ९ वर्षांचा आहे.

आबा म्हणतील, कुलपं काढेपर्यंत माकडं बाग उजाड करतील. मग विचार, निवडणूक लागली आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली की काय करता? तेव्हाही नारळ राहतातच ना झाडावर?

नवरा तोंड उघडेल म्हणून थांबू नकोस. आणि पोराची धावपळ फुकट घालवू नका. त्याला पत्र्याचा डबा आणि दांडका द्या, माकडं दिसली की बडवू दे हवा तेवढा.