जामीनदार कोण, हे आधी विचार

चि.,
अनेक आशीर्वाद.

मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर तुझं नाव आलं, बरं वाटलं. कायदा बाईला झुकतं माप देतो, तेव्हा महिला बंद्यांच्या केसेस सोप्या जातील, असं तू लिहिलंयस. माप झुकतं आहे खरं. अपवाद वगळता सूर्यास्तानंतर अटक नाही, अजामीनपात्र गुन्ह्यातही बाई म्हणून जामिनाचा विचार होतो, मोफत वकील देताना तिचं उत्पन्न बघत नाहीत.

पण जामिनाचा हुकूम झाला म्हणजे बाई सुटली असं नाही. जामीनदार हवा, त्याची सॉल्वन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला हवा. सातबारा नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या नावावर. आरोप नवऱ्याच्या खुनाचा असला, तर दीरच फिर्यादी! माहेरचे म्हणतात, धाकटीचं लग्न व्हायचंय, आम्हाला यात ओढू नका. पुरुष आत गेला की बायको नाहीतर आई उसनवारी करून मुलाकातीला येते. बाई आत गेली की बऱ्याचदा मुलंसुद्धा भेटीला आणत नाहीत. म्हणून पहिल्या भेटीत घटनेबद्दल विचारण्याआधी हे विचार, बाहेर तुझं कोण आहे? सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ तुरुंगात राहू शकतं. त्यानंतर ते कुठे जाणार, हेही तेव्हाच विचारून ठेव.

कुणीच नसेल तर जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय तिच्या स्वतःच्या हमीवर सोडण्याचा अर्ज टाक. गरिबाला न झेपणारी जामिनाची अट घालू नये, असं सांगणारा मोतीराम खटल्याचा १९७८ चा निवाडा जोड. सुप्रीम कोर्टाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशानुसार महिन्याभरात जामीन भरता आला नाही, तर अट शिथिल करायचा विचार कोर्ट स्वतःहूनही करू शकतं. तू मात्र त्या महिन्याची वाट बघत बसू नकोस.

युक्तिवादात ‘आई असून असं केलं’ हे ऐकू येईलच. हा आरोप कुठल्याही कलमात नाही. तिथल्या तिथे हरकत घे. फिर्यादी बाईलाही हीच फूटपट्टी लागते. देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचं १९७२ चं प्रकरण वाच. त्या पोलिसांना हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं दिलेली शिक्षा सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये रद्द केली, कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. चार कायदा-प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. ‘तुम्ही ओरडलात का?’ हा प्रश्न उलटतपासणीत अजून येतो.

आणि पुरुष? जुन्या दंड संहितेतलं कलम ३७७ पुरुषावरच्या लैंगिक अत्याचारालाही लागायचं; नव्या भारतीय न्याय संहितेत त्याची जागा कशानंच घेतली नाही. सज्ञान पुरुषावर अत्याचार झाला तर मारहाण, डांबून ठेवणं अशा कलमांवर भागवावं लागतं. तृतीयपंथी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला २०१९ च्या कायद्यात जास्तीत जास्त दोन वर्षं! असा अशील आला तर फिर्यादीचा मसुदा मला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

४९८-अ, म्हणजे जुन्या दंड संहितेतल्या सासरच्या छळाच्या कलमातल्या (आता न्याय संहितेत कलम ८५) सासू-नणंदांचं पत्रात मावणार नाही. रविवारी घरीच ये, जेवून बोलू.

तुझे,
सर