आधी सरासरी मोड

प्रिय विद्यार्थिमित्रा,

तू पाठवलेला आलेख कालपासून समोर ठेवला आहे. उंदरांचे दोन आहार, वजनाच्या दोन रेघा, आणि नर-मादी एकत्र करून काढलेली सरासरी. ती आधी मोड. स्प्रेग-डॉली या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या वाणाचा पूर्ण वाढलेला नर सहज ५०० ग्रॅमपर्यंत जातो, मादी ३०० च्या आसपास राहते. मधल्या ४०० ग्रॅमचा उंदीर तुझ्या पिंजऱ्यांत बहुधा एकही नसेल.

आता खरी अडचण. समज, जादा चरबीच्या आहारावर दोघांचंही वजन १० टक्क्यांनी वाढलं. नराचे वाढले ५० ग्रॅम, मादीचे ३०. ग्रॅममध्ये मांडलंस तर आहार नरांना जास्त बाधला असं वाटेल, टक्क्यांत मांडलंस तर फरकच उरणार नाही. आहार आणि लिंग यांची आंतरक्रिया, म्हणजे आहाराचा परिणाम नर-मादीत वेगळा असणं, दिसते की नाही, हे असं मोजपट्टीवर अवलंबून असतं. म्हणून कोणती मोजपट्टी घ्यायची ते आकडे हाती येण्याआधीच वहीत लिहून ठेव. याबाबत मी फार आग्रही आहे.

मादीचं ऋतुचक्र चार-पाच दिवसांचं असतं. त्यात इस्ट्रोजेन हे संप्रेरक चढून गेल्यावर, अंडमोचनाच्या रात्री, ती कमी खाते. अंडाशय काढले तर तिचं खाणं आणि वजन वाढतं, एस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) दिलं की पुन्हा उतरतं. तेव्हा एका दिवसाच्या नोंदीवरून तिच्या भुकेबद्दल काही ठरवू नकोस, पूर्ण चक्राचे दिवस धर. १९३५ साली कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि सहकाऱ्यांनी उंदरांना कमी ऊर्जेवर वाढवलं, तेव्हा नरांचं आयुष्य ठळकपणे लांबलं, माद्यांचं तसं नाही. दोघांचे आकडे वेगळे ठेवले होते म्हणूनच हे कळलं.

खाणं किलोकॅलरीत मोज. चरबीच्या ग्रॅमला ९, कर्बोदकाच्या ग्रॅमला ४, त्यामुळे कमी ग्रॅम खाऊनही ऊर्जा जास्त जाऊ शकते. पिंजऱ्याखाली सांडलेला चुरा वजा कर. सुरुवातीला मी तो मोजला नव्हता आणि कित्येक आठवड्यांच्या नोंदी टाकून द्याव्या लागल्या, अजून हळहळ वाटते. तुलनेसाठी नेहमीचा तयार दाणा नको. त्यात बरेचदा सोयाबीन असतं, आणि सोयाबीनमधली काही द्रव्यं इस्ट्रोजेनसारखी वागतात. चरबी सोडून बाकी घटक शक्य तितके जुळणारा आहार घे.

आता प्रत्येक उंदराची वेगळी रेघ काढ, नर एका कागदावर, माद्या दुसऱ्यावर, आणि मला पाठव. सरासरीचं नंतर पाहू.

तुझा,
मार्गदर्शक