जर्मनीत जामीन राहण्याआधी

नमस्कार. म्युनिकच्या तुमच्या भाडेकरारात बाल्कनीला डिश लावायला मनाई आहे आणि तिथला मित्र त्याच्या कर्जाला जामीन राहायला सांगतोय. ‘जर्मनीत सही केली की विषय संपला’ हे खरं का, असं तुम्ही विचारलंय.

बारा वर्षं इथे राहून सांगतो, पूर्ण खरं नाही. आधी जामिनाचं बोलतो, कारण धोका तिथे आहे.

१९८२ मध्ये २१ वर्षांच्या एका मुलीने वडिलांच्या धंद्यासाठी बँकेला १ लाख मार्कांचा जामीन लिहून दिला. ती मासळीच्या कारखान्यात कामाला होती, हातात महिन्याला १,१५० मार्क यायचे. फार मोठी जबाबदारी नाही, फाइलला कागद हवा, असं बँकेचा माणूस म्हणाला. पुढे धंदा बसला आणि बँकेने तिच्याकडे पैसे मागितले. दिवाणी प्रकरणांचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सज्ञान माणसाला जामिनाचा अर्थ कळतो. १९ ऑक्टोबर १९९३ रोजी कार्ल्सरुह शहरातल्या राज्यघटना न्यायालयाने, म्हणजे मूलभूत हक्कांचा भंग झाला का हे पाहणाऱ्या न्यायालयाने, तो निकाल रद्द केला: एका बाजूच्याच हातात बळ आणि दुसरीवर जन्मभर न फिटणारं ओझं असेल, तर न्यायाधीशाला तिकडे डोळेझाक करता येणार नाही. त्या मुलीचा विचार करून मला आजही भरून येतं.

मूलभूत हक्क बँकेला किंवा घरमालकाला थेट बांधत नाहीत, न्यायाधीशाला बांधतात. दिवाणी कायद्यातल्या ‘सद्भावना’, ‘नीतिमत्ता’ अशा मोकळ्या शब्दांचा अर्थ लावताना त्याला राज्यघटना समोर ठेवावीच लागते.

डिशचंही तसंच. १९९४ मध्ये याच न्यायालयाने तुर्की भाडेकरूच्या बाजूने सांगितलं की मायदेशाच्या बातम्या मिळवण्याचा त्याचा हक्क मालकाच्या हक्कासोबत तोलायला हवा. स्वीडनमध्ये एका इराकी कुटुंबाला डिशपायी घर सोडावं लागलं, तेव्हा २००८ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने स्वीडनलाच दोषी धरलं. आता वाहिन्या इंटरनेटवर दिसतात, तेव्हा पारडं तुमच्याकडे झुकेलच असं धरू नका. करार भाडेकरू संघटनेकडून, म्हणजे ‘मीटरफेराइन’कडून, वाचून घ्या.

मित्राला मात्र नाहीच म्हणा. त्या मुलीला वाचवलं ते तुटपुंज्या पगाराने आणि वडिलांच्या नात्याने. चांगल्या पगाराच्या इंजिनिअरने दोस्तासाठी केलेली सही न्यायालय सहसा मोडणार नाही. आणि तिलासुद्धा न्याय मिळायला सहीनंतर ११ वर्षं लागली.