सायप्रसचे शेंडे तांबडे पडतायत, खत देऊन भागणार नाही

दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदार दादांचा प्रश्न आलाय. बंगल्यापुढं खाली लोंबणाऱ्या फांद्यांचा काश्मिरी सायप्रस लावलाय, आता शेंडे तांबडे पडायला लागलेत, बागेला सोडतो तेच १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) यालाही दिलं तरी फरक नाही. सोबत फोटो.

दादा, आधी ते खत थांबवा. फोटोत खोडाला लागून आळं दिसतंय, त्यात पाणी तुंबलेलं, आणि माती आपली काळी चिकण, घोळ तिथंच आहे. हे झाड भूतान-अरुणाचलच्या डोंगरातलं, भूतानचा तर राष्ट्रीय वृक्ष आहे, तिकडं पाऊस भरपूर पण पाणी उतारावरनं निघून जातं आणि हवा गार, दमट. आपल्याकडं एप्रिल-मेला पारा चाळिशीला टेकतो, म्हणजे वरनं भाजतंय आणि खाली मुळं गुदमरतायत. मुळं कुजली की झाडाला पाणी उचलता येत नाही, ते सुकल्यासारखं दिसतं, मग आपण अजून पाणी सोडतो.

जरा बाजूला उकरून एक बारीक मूळ चिमटीत धरून ओढा. साल सुटून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला तर कूज आहे. आळं मोडा, चर मारून पाणी बाहेर काढा, शेणखतात ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून द्या. ड्रीपर खोडापासनं दीड-दोन फूट लांब सरकवा आणि बोटभर खोल माती सुकली तरच पाणी. छाटणीच्या काड्या बारीक करून आच्छादन टाका, फक्त खोडाला चिकटवू नका. पुढं कधी दुसरं लावायचं झालं तर मुरूम-पोयट्याचा दीड फूट उंचवटा करून, पावसाचा जोर ओसरल्यावर, घराच्या पूर्वेला लावा, दुपारचं ऊन टळतं.

मुळं चांगली निघाली तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका, ठिपके चालायला लागले की लाल कोळी, म्हणजे पाल्यातला रस शोषणारी बारीक कीड, तुम्हाला तो काय नवा नाही. सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं फांद्या आतनं धुवा, पण घरात गंधक आहे म्हणून भर उन्हाळ्यात मारू नका, पाला करपेल.

आणि कात्री जपून हं! द्राक्षाला एप्रिलात खरड छाटणी घेतली, काड्या पार मागं कापल्या, तरी डोळे फुटतात, हे झाड तसलं नाही, हिरव्या पाल्याच्या मागं जुन्या लाकडात कापलं की तिथनं परत फूट येत नाही. वाळलेलं तेवढंच काढा. आतल्या बाजूचा जुना पाला पिवळा होऊन गळतो, त्याला रोग समजू नका.

इगतपुरीच्या एका ताईंनी विचारलंय, ऑनलाइन लोंबता देवदार मिळतोय, घेऊ का? ताई, नका घेऊ. देवदार पश्चिम हिमालयातला, त्याला हिवाळ्याची खरी थंडी लागते, आणि तुमच्याकडच्या पावसात मुळं तग धरणार नाहीत. त्यात ही लोंबती रोपं बहुतेक कलमी आणि महाग असतात. नुसत्या लोंबत्या फांद्याच हव्या असतील तर लाल फुलांचा बॉटलब्रश लावा, सूचिपर्णी नाहीये तो, पण ओली जमीन बरीच सोसतो.