'ते किएरो': हवीस, की जीव आहे?

प्रश्न असा आहे: "स्पॅनिश गाण्यांत 'ते किएरो' सारखं कानावर येतं. फोन त्याचं भाषांतर कधी 'मला तू हवीस' असं करतो, कधी 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं. खरं कोणतं? आणि मग 'ते आमो' कशाला?"

दोन्ही खरी, पण एका वेळी एकच.

यातलं 'ते' आपलं नव्हे, त्याचा अर्थ 'तुला'. 'किएरो' हे 'केरेर' या क्रियापदाचं 'मी'साठीचं रूप. 'केरेर'चं मूळ रोमन लोकांच्या लॅटिनमध्ये आहे, तिथे अर्थ होता शोधणं, विचारणं. (इंग्रजीतली 'क्वेरी' त्याच घरातली, म्हणजे तुमचा प्रश्नही या शब्दाचा चुलतभाऊच.) जे शोधतो ते हवं असतं, आणि हवंहवंसं वाटता वाटता माया जडते. अर्थ असा सरकत आला, पण जुना अर्थ काही घर सोडून गेला नाही.

आता गंमत बघा. 'किएरो उन काफे' म्हणजे 'मला कॉफी हवी'. 'किएरो आ मी माद्रे' म्हणजे 'आईवर माझा जीव आहे'. मधे एवढासा 'आ' आला आणि अर्थ पालटला. आपण 'आंबा पाहिला' म्हणतो, पण 'आईला पाहिलं'. माणूस आला की 'ला' लागतो. स्पॅनिशचा 'आ' हेच काम करतो. 'ते किएरो'त माणूस सर्वनामात आधीच बसलाय, म्हणून 'आ' दिसत नाही इतकंच.

तेव्हा 'किएरो'शी कोण जोडलंय ते पाहायचं. वस्तू किंवा दुसरं क्रियापद असेल तर 'हवं', माणूस असेल तर बहुतेक वेळा 'जीव'. मेक्सिकोच्या कोन्सुएलो वेलास्केसच्या 'बेसामे मूचो'त 'किएरो तेनेर्ते' येतं. 'तेनेर्ते' (तू जवळ असणं) हे क्रियापद, म्हणून तिथे 'हवं' बरोबर. उलट मारिया ग्रेवेरच्या गाण्याचं नावच 'ते किएरो, दिहिस्ते': 'तुझ्यावर जीव आहे, म्हणालीस'. तिथे 'हवास' घातलंत तर सगळा हळवेपणा उडाला.

'ते आमो'चा अर्थही 'तुझ्यावर प्रेम आहे', पण जास्त वजनाचं. स्पेनमध्ये ते रोजच्या बोलण्यात जरा नाटकीच वाटतं. लॅटिन अमेरिकेत अधिक चालतं, तरी आई, मित्र, भावंडं यांच्यासाठी 'ते किएरो' सहज येतं. माझ्या मते मराठीतलं 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे 'ते आमो'च्या पंक्तीतलं. मालिकेत ऐकू येतं, ओट्यापाशी कोणी म्हणत नाही.

ब्राझीलची गाणी ऐकत असाल तर मात्र सावध. पोर्तुगीजमध्ये हेच क्रियापद 'हवं'पाशी बरंचसं थांबलेलं आहे. तिथे प्रेमासाठी 'आमो'च.

सराव करायचा तर गायक लुईस मिगेलचा 1991 सालचा 'रोमान्से' हा अल्बम घ्या, बहुतेक जुने बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीतं. त्यात आर्मांदो मान्सानेरोचं 'ते एस्त्रान्यो' आहे. 'एस्त्रान्यो'चा एक अर्थ परका, विचित्र. क्रियापद म्हणून अर्थ होतो कोणीतरी नसल्याने चुकल्यासारखं वाटणं. 'तुझी आठवण येते' चालेल, पण मी 'तुझ्यावाचून करमत नाही' म्हणेन. ज्याच्यावाचून करमत नाही त्याच्याविना ओळखीचं घरही परकं वाटतं, तो परकेपणा त्यात उतरतो.

त्याच अल्बममध्ये 'उस्तेद' आहे. 'उस्तेद' म्हणजे 'तुम्ही'. आपल्याकडे 'अहो' बहुतेक बायकोच्या तोंडी. इथे पुरुष प्रेयसीला 'तुम्ही' म्हणत सगळा दोष तिच्या पदरात घालतो. तिथे 'ते' येणारच नाही, कारण ते 'तू'चं रूप. भाषांतर करताना 'तुम्ही'च ठेवा.